संसाराला वाहून घेतलेल्या आईचं दीर्घ आयुष्य लिहून काढताना: स्मृतिपुस्तिका, फोटो, आवाज

कोरा_कागद (धागाकर्ता)

नव्वदी ओलांडून गेलेल्या आईवर घरच्यांनी काढलेली स्मृतिपुस्तिका हातात घ्या आणि नाव अंगठ्याने झाका. बहुतेक वेळा ती कुणाच्याही आईची होऊ शकते. प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, चंदनासारखी झिजलेली, सगळ्यांना धरून राहिलेली. यात खोटं काही नसतं. फक्त ती बाई त्यात सापडत नाही.

चूक विशेषणांच्याही आधी होते, आराखड्यात. लिहायला बसतात ती बहुधा मुलं, आणि मुलांना आई ठाऊक असते ती त्यांना कळायला लागल्यापासूनची. साधा हिशेब मांडून बघा. समजा विसाव्या वर्षी लग्न झालं, बावन्नाव्या वर्षी शेवटचं मूल घराबाहेर पडलं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवरा गेला आणि एक्याण्णवाव्या वर्षी ती गेली. म्हणजे लग्नाआधीची २०, मुलांच्या संगोपनाची ३२, दोघंच उरल्यानंतरची २२ आणि एकटीची १७ वर्षं. मसुद्यात मात्र मधली ३२ वर्षं जवळजवळ सगळी पानं खातात, शेवटचं आजारपण उरलेली, आणि बाकीची ५९ वर्षं दोन परिच्छेदांत उरकतात.

म्हणून लिहायच्या आधी तक्ता करा. चार रकाने: वर्ष, तिचं वय, काय घडलं, कशावरून कळलं. चौथा रकाना कंटाळा येतो म्हणून सोडू नका. सहा महिन्यांनी दोन मावश्या दोन वेगळी सालं सांगतील तेव्हा तोच कामाला येतो.

तिसऱ्या रकान्यासाठी पहिल्या फेरीत एकच कडक नियम ठेवा: वाक्याचा कर्ता तीच हवी. "बाबांची बदली झाली" ही बाबांची नोंद. "तिने चार दिवसांत सामान बांधलं, दोन मुलांच्या शाळा बदलून घेतल्या, शिवणयंत्र मागे ठेवलं" ही तिची. "थोरल्याला नोकरी लागली" तर अजिबात नाही. असं गाळल्यावर तक्त्याला भोकं पडतात, कधी सलग दहा-दहा वर्षांची. ती भोकं म्हणजेच पुढच्या कामाची यादी.

कागद कुठे शोधायचे, फोटो आणि आवाजाचं काय करायचं, छापायचं कसं, यावर जाणकारांनी लिहावं. "आई थोर असते" या प्रकारचे प्रतिसाद कृपया नकोत, ते सगळ्यांना मान्य आहे.

---

तळटीप

कागदांपासून सुरुवात करतो. सगळ्यात मोठा घोळ नावाचा असतो. एकच बाई शाळेच्या दाखल्यात माहेरच्या आडनावाने, लग्नाच्या नोंदीत दोन्ही नावांनी, पासबुकात नवऱ्याच्या नावामागे, दवाखान्याच्या कागदावर चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाने आणि पत्रांत घरच्या लाडक्या नावाने भेटते. आधी एका पानावर तिच्या नावाची सगळी रूपं लिहून काढा आणि प्रत्येक कागद त्या यादीशी ताडून बघा. नाहीतर "ही कोण?" म्हणून तिचंच प्रशस्तिपत्र बाजूला पडतं.

जन्मतारखेचंही तसंच. शाळेत घालताना सांगितलेली आणि घरात मानली जाणारी, अशा दोन तारखा असल्या तर दोन्ही लिहा, कुठली कशावरून तेही लिहा. एक निवडून दुसरी पुसू नका. दाखल्यातली तारीख पुढच्या सगळ्या सरकारी कागदांत उतरलेली असते, त्यामुळे पाच कागद एकच तारीख सांगतात म्हणजे पाच पुरावे झाले असं नाही. तो एकच पुरावा पाच वेळा उतरवलेला आहे.

आता खरी खाण: तिच्या हिशेबाच्या वह्या, दिनदर्शिकेच्या चौकोनांतल्या नोंदी, औषधांच्या वेळांचे कागद, कपड्यांची मापं, शिवणाचे नमुने. आवराआवरीत हे सगळ्यात आधी रद्दीत जातं, कारण त्यात "काही लिहिलेलं नसतं". मार्था बॅलर्ड ही अमेरिकेत मेन या भागातली सुईण, स्वतः नऊ मुलांची आई. १७८५ पासून १८१२ पर्यंत ती रोज चार ओळी लिहीत राहिली: हवा कशी होती, कुणाकडे गेले, काय विणलं, कोण बाळंत झालं. नंतरच्या बऱ्याच वाचकांनी ती रोजनिशी किरकोळ म्हणून बाजूला सारली होती. पुढे त्याच किरकोळ नोंदींतून ८०० च्या वर बाळंतपणं आणि एका अख्ख्या गावाचं घरोघरचं जगणं उलगडलं. घरातल्या वहीकडे त्याच नजरेनं बघा. रकमा सोडून द्या; कुठल्या महिन्यात अक्षर बदललं, कुठे तीन आठवडे नोंदच नाही, कुठल्या पानापासून एक नाव यायचं थांबलं, ते बघा.

वह्यांची पानं सुटी करू नका. पिना गंजल्या असतील तर पिनेचे पाय मागच्या बाजूने उचलून, पातळ प्लास्टिकची पट्टी खाली सरकवून मगच काढा. ओढली की कागद फाटतो. चिकटपट्टी तर कुठेच नको, काही वर्षांत गोंद पिवळा पडून शाईपर्यंत उतरतो.

---

खोडरबर

तक्त्याच्या नियमाला +१. त्यात भाषेची एक पायरी घालतो.

मसुदा तयार झाला की सगळी विशेषणं अधोरेखित करा. प्रत्येकाला विचारायचं: हे कुणी, कधी, काय बघितलं म्हणून लिहिलं? उत्तर असेल तर विशेषण काढून उत्तर ठेवा. नसेल तर दोन्ही काढा. कल्पित उदाहरण देतो.

आधी: "आई अतिशय काटकसरी व दूरदर्शी होती."

नंतर: "कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला असे. त्यावर प्रत्येक मुलाच्या बुटाचा नंबर, समोर तारीख. थोरल्याचे बूट धाकट्याला कधी होतील याचा तो अंदाज होता, आणि तो सहसा महिनाभराच्या पलीकडे चुकत नसे."

दुसऱ्यात काटकसर हा शब्दच नाही. वाचणारा तो स्वतः म्हणतो.

"त्याग" या शब्दाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पत्नी आणि आई म्हणून लिहिताना तो हटकून येतो. काय सोडलं, कोणत्या साली, आणि सोडायला कुणी सांगितलं की तिनेच ठरवलं, या तीन गोष्टी माहीत असतील तर त्या लिहा. शब्दाची गरज उरत नाही. माहीत नसतील तर "त्याग" लिहून आपण तिच्यावर एक निर्णय लादतो. कदाचित तिला ती नोकरी नकोच होती. किंवा हवी होती आणि कुणी विचारलंच नाही. या दोन बायका वेगळ्या आहेत.

---

मध्यमपुरुष

@खोडरबर, सहमत, पण थोडं उलट बोलतो. सगळी विशेषणं काढली की मजकूर पंचनाम्यासारखा होतो. शोक करणाऱ्या माणसाला एखादं तरी "प्रेमळ" लिहू द्या की. ते वर्णन नसतं, ती हाक असते.

---

खोडरबर

मान्य. एक ठेवा, पण शेवटच्या पानावर आणि लिहिणाऱ्याच्या सहीसकट. संपादकाच्या आवाजात नको.

---

जुनी_फीत

आवाजाबद्दल. दोन भाग आहेत, आई हयात असतानाचं ध्वनिमुद्रण आणि गेल्यानंतर सापडलेल्या कॅसेटी.

हयात असताना: एका बैठकीला ४५ ते ६० मिनिटं पुरे. खोलीतला पंखा, फ्रिज, घड्याळ बंद. फोन चालेल, पण तोंडापासून वीतभर ते दीड वीत अंतरावर, मऊ कापडावर ठेवा. थेट टेबलावर ठेवला तर बोटांचा ठेका संवादापेक्षा मोठा येतो. विमान मोडवर टाका, नाहीतर मधे फोन आला की मुद्रण थांबतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सेटिंग वेव्ह (आवाज न दाबता साठवणारा फाइल-प्रकार), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. तासाला साधारण ५२० एमबी होतात, तेवढी जागा आधी मोकळी करून ठेवा.

काय विचारायचं? म्हाताऱ्या माणसाला सर्वांत ठळक आठवतात ती साधारण दहा ते तीस या वयातली वर्षं. याला स्मरणाचा उंचवटा म्हणतात. आणि मुलांना आईबद्दल नेमकी हीच वर्षं माहीत नसतात. म्हणजे तक्त्यातलं सगळ्यात मोठं भोक तिच्या सगळ्यात लख्ख आठवणींनी भरता येतं, फक्त तिथून सुरुवात करायला हवी. "तुमच्या बालपणाबद्दल सांगा" म्हटलं की दोन वाक्यांत आटोपतं. "शाळेतून घरी यायचा रस्ता सांगा, दारातून निघाल्यापासून" म्हटलं की वीस मिनिटं जातात आणि वाटेतली माणसं आपोआप येतात. "मग बाबा काय म्हणाले?" हा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत विचारू नका. एकदा नवऱ्याचा विषय निघाला की संसाराला वाहून घेतलेली बाई स्वतःकडे परत येत नाही.

ती थांबली तर दहा आकडे मनात मोजा. पुढचं वाक्य बहुतेक वेळा कामाचं असतं, आणि नातेवाईक ते नेमकं स्वतः बोलून बुडवतात.

या प्रकाराला वैद्यकीय पाया आहे. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडलं की म्हातारपणी गतायुष्य पुन्हा पुन्हा उगाळणं हा भ्रमिष्टपणा नसून आयुष्याची जुळवाजुळव असते. कॅनडातल्या हार्वी चोचिनोव्ह यांनी अखेरच्या आजारातल्या रुग्णांसाठी ठरावीक प्रश्नांची मुलाखत बसवली, तिच्यावरचा त्यांचा अभ्यास २००५ मध्ये आला. तिच्यातली एक पायरी घरच्यांनी जरूर उचलावी: मुलाखत उतरवून, नीट लावून ती त्याच माणसाला वाचून दाखवायची आणि दुरुस्त्या त्याच्याकडूनच घ्यायच्या. आईला मजकूर वाचून दाखवला की ती दोन गोष्टी काढायला सांगते आणि चार नव्या सांगते.

जुन्या कॅसेटी: वाजवायच्या आधी दोन्ही कडेच्या प्लास्टिकच्या खुट्या मोडून टाका, म्हणजे चुकून वरून मुद्रण होणार नाही. खिडकीतून आत फोम किंवा फेल्टचा छोटा तुकडा दिसतो का बघा. तो गळून पडलेला असेल तर आवाज दबका येतो. फीत खराब झाली असा निष्कर्ष लगेच काढू नका. खूप वर्षं पडून असलेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, ताण सारखा होतो. प्लेअरचं हेड (फीत जिथे टेकते तो भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सुकू द्या. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ असते, ती अडकते, म्हणून ती सगळ्यात शेवटी आणि चांगल्या यंत्रावर. फीत किंचाळायला लागली तर तिथेच थांबवा. जोर करू नका, जाणकाराकडे द्या.

खरखर काढणारं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर कधीच चालवू नका. प्रत काढा, प्रतीवर काय ते करा. ही सॉफ्टवेअर श्वासही काढून टाकतात, आणि माणूस गेल्यावर घरच्यांना नेमका तोच ऐकायचा असतो.

---

काचेमागे

फोटो. स्कॅनचा नियम सोपा आहे: जितक्या पट मोठा छापायचा, तितक्या पट ३०० डीपीआय (इंचाला ठिपके). मूळ मापातच छापायचा तर ३००, दुप्पट तर ६००. पासपोर्ट मापाचा (३५ × ४५ मिमी) फोटो १२०० डीपीआयने घेतला तर १४ × १८ सेंमीपर्यंत नीट छापता येतो. लग्नाआधीचा तिचा एकमेव फोटो पुष्कळदा एवढाच असतो. ३५ मिमीची निगेटिव्ह सापडली तर २४०० पासून पुढे. मूळ स्कॅन टिफ या फाइल-प्रकारात ठेवा. जेपेग दर वेळी दुरुस्त करून साठवलं की थोडं थोडं खराब होतं.

जिथे हमखास बिघडतं त्या जागा:

चिकट पानांचे, वर पारदर्शक झाकण असलेले अल्बम. फोटो कोपऱ्यातून ओढला की वाकतो आणि वरचा थर तडकतो. दात साफ करायचा दोरा घ्या, चव किंवा मेण नसलेला, फोटोखालून करवतीसारखा हळू सरकवा. निघत नसेल तर सोडा आणि पानासकट स्कॅन करा.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो. तो उचकटायचा नाही. काचेसकट स्कॅन करा.

पाठीमागचं लिखाण. नाव, साल लिहायचंच असेल तर जुन्या कागदी फोटोवर मऊ पेन्सिल, कडेला, दाब न देता. बॉलपेनचा व्रण पुढून चेहऱ्यावर दिसतो. प्लास्टिकचा थर असलेल्या नंतरच्या फोटोंवर पेन्सिल उमटत नाही, तिथे वेगळ्या कागदावर लिहून फोटो आणि चिठ्ठी एका पाकिटात. आधीचं कुणाचं लिखाण असेल तर पाठीमागची बाजूही स्कॅन.

फोटोच्या पांढऱ्या कडेला छापलेला महिना-साल हा फोटो धुतल्याचा असतो, काढल्याचा नाही. रोल वर्षभर कॅमेऱ्यात राहायचा. यामुळे तक्त्यात "बाळ तीन वर्षांचं" आणि "बाळ चार वर्षांचं" एकाच महिन्यात येतात.

ओळख पटवताना एका फोटोची साधी छापील प्रत काढा, डोक्यांवर आकडे घाला आणि चार ज्येष्ठांना *वेगवेगळं* विचारा. एकत्र बसवलं की पहिला बोलणारा जिंकतो, बाकीच्यांना खरंच तसं आठवायला लागतं. आणि ओळखीच्या ओळीत आईचं नावही पूर्ण लिहा. "उभे: अमुक, तमुक, तमुक. बसलेली: आई." पन्नास वर्षांनी हा कागद ज्याच्या हाती पडेल त्याला कुणाची आई ते कसं कळणार?

---

अर्धी_ओळ

आमचा प्रश्न साधा आहे. १९७० च्या आसपासचे रंगीत फोटो सगळे लालसर झालेत. काही होऊ शकतं? आणि हल्ली चेहरा स्वच्छ करून देणारी अ‍ॅप आहेत, ती वापरावीत का?

---

काचेमागे

लालसर होतात कारण त्या काळच्या रंगीत कागदात निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर आधी विरतो. अंधारात ठेवले तरी विरतो. मूळ फोटोवर उपाय नाही. स्कॅन करताना प्रत्येक रंगाला १६ बिट निवडा, मग दुरुस्तीला वाव राहतो. निगेटिव्ह असेल तर आधी ती तपासा, कधी कधी तिच्यात रंग बरे टिकलेले असतात.

अ‍ॅपबद्दल: पुसट चेहरा "खुलवताना" ते असलेले तपशील शोधत नाही, नवे बसवतं. डोळे, दात, हनुवटी दुसऱ्याच कुणाची. नातवंडांना पुढे तोच चेहरा आजीचा वाटेल. वापरायचंच तर मूळ फोटो शेजारी छापा आणि खाली तसं स्पष्ट लिहा.

---

चार्जिंग_संपलं

तिच्या फोनबद्दल कुणीच बोललं नाही, आणि तिथे मुदत असते म्हणून लिहितो.

फोन रीसेट करू नका, कुणाला वापरायला देऊ नका, सिम लगेच बंद करू नका. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं साधारण १२० दिवस वापरात नसलं की काढलं जातं. ती ज्या ज्या गटांत होती तिथल्यांना आधीच सांगा की तिचे आवाजी संदेश जपून ठेवा. ज्याला आले त्याच्या फोनमध्ये ते असतातच, पण लोक फोन बदलतात. गुगल खातं २ वर्षं निष्क्रिय राहिलं तर फोटोंसकट पुसलं जाऊ शकतं.

फोटो मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं ठळक सांगा. नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो आणि त्यातली तारखेची नोंदही गळते.

सगळं जमल्यावर तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या घरी. फाइलचं नाव साल-महिना-विषय असं द्या. "आई नवीन फायनल २" या नावाच्या फाइलीत काय आहे ते तिसऱ्या महिन्यात कुणालाच सांगता येत नाही.

आणि पुस्तिका जालावर टाकणार असाल तर तिची पूर्ण जन्मतारीख, माहेरचं आडनाव आणि मुलांची पूर्ण नावं एकाच पानावर नकोत. आईचं माहेरचं आडनाव हा अजून कित्येक ठिकाणी सुरक्षाप्रश्न असतो. छापील प्रतीत सगळं असू द्या, जालावरच्या प्रतीत फक्त साल.

---

खिळेजुळारी

छपाई. ए५ आकार, मधे पिना मारलेली पुस्तिका घरगुती कामाला उत्तम. पानांची संख्या ४ च्या पटीतच हवी, कारण एका ए४ कागदाच्या घडीत चार पानं बसतात. २४ पानं म्हणजे ६ कागद, मुखपृष्ठ वेगळं. आतला कागद १०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाची जाडी) घ्या. ८० चा घेतला तर फोटो पलीकडून दिसतात. मुखपृष्ठ २५० जीएसएम. कडेपर्यंत जाणारा फोटो असेल तर चारी बाजूंनी ३ मिमी जास्त.

अक्षर १२ पॉइंट ही चूक सगळे करतात. या पुस्तिकेच्या पहिल्या वाचक तिच्या बहिणी, जावा, मैत्रिणी असतात. १४ पॉइंट, ओळींत २० पॉइंटचं अंतर. मग पानावर साधारण १५० ते १८० शब्द बसतात. २४ पानांत फोटो, वंशावळ, तक्ता धरून मजकुराला १४ पानं मिळतील, म्हणजे फार तर २५०० शब्द. आधीच सांगून ठेवा, नाहीतर प्रत्येक जण हजार शब्द पाठवतो.

देवनागरीच्या खास खोड्या: जुन्या बिगर-युनिकोड फाँटातला मजकूर युनिकोडात (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीत) आणला की रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडतात. "र्‍य", "र्‍ह" चा अर्धा र हरवतो. "ॲ" हे अक्षर युनिकोडात २००८ मध्ये आलं, जुन्या फाँटांत तिथे रिकामा चौकोन दिसतो. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर मजकुराची भाषा मराठी निवडावी लागते. तेच युनिकोड अक्षर भाषा हिंदी असेल तर हिंदी वळणाचं उमटतं. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोजर (अक्षरं जुळवणारी सोय) चालू नसेल तर जोडाक्षरं तुटतात. आणि छापखान्याला पीडीएफच द्या, फाँट आत घातलेली.

मुद्रितशोधनाला शेवटची फेरी फक्त नावांची. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने तक्त्यावर बोट ठेवायचं. मजकुरातली चूक लोक सोडून देतात, पण सुनेचं नाव वगळलं गेलं तर ती पुस्तिका त्या घरात उघडली जात नाही.

---

मध्यमपुरुष

छापायला उशीर असतो, शोकसभेत बोलावं लागतं लगेच. भाषणासाठी मिनिटाला १०० शब्द धरा, घरी वाचताना त्याहून जास्त होतात पण तिथे आवाज अडकतो, थांबावं लागतं. ६ मिनिटं, ६०० शब्द, त्यापुढे नको. १६ पॉइंटमध्ये, कागदाच्या एकाच बाजूला, पानांना क्रमांक, वाक्य पुढच्या पानावर तुटू न देता. दुसरी प्रत दुसऱ्या माणसाच्या खिशात, आणि त्याने ती आधी एकदा वाचलेली असावी. बोलणारा थांबला तर तो पुढे वाचेल.

सगळं आयुष्य सांगायला जाऊ नका. तिची एक सवय घ्या, ती तीन वेगवेगळ्या वयांत कशी दिसत होती ते सांगा. बसा.

---

तळटीप

वादांचं काय, हे राहिलं. चार भावंडं म्हणजे चार आया. थोरल्याची आई कडक, धाकट्याची मवाळ, आणि दोघंही खरं बोलतात, कारण एकाच्या वेळी ती २३ ची होती आणि दुसऱ्याच्या वेळी ३८ ची. तक्त्यात वयाचा रकाना आहे तो याचसाठी. संपादक एकच नेमा. घटना चुकली असेल तर पुरावा बघून दुरुस्त करायची. मत वेगळं असेल तर त्याने स्वतःच्या नावाने १५० शब्द लिहायचे. मताच्या भांडणात मूळ मजकूर बदलायचा नाही.

आठवणी मागवताना "आईबद्दल लिहा" असं सांगू नका, पुन्हा चंदनच येईल. प्रत्येकाला वेगळा प्रश्न द्या: तिचे हात काय करताना आठवतात? ती तुमच्यावर कधी रागावली आणि कशावरून? ती एकटी असताना काय करायची? लिहिता न येणाऱ्याकडून आवाजी संदेश घ्या.

आणि जे मूल वाचलं नाही, त्याची नोंद तक्त्यात असू द्या. छापायची की नाही ते हयात असलेल्यांनी ठरवावं, पण "तिला तीन मुलं" असं लिहून चौथं पुसू नका. तिने ते मोजलेलं असतं.

---

अर्धी_ओळ

एक शेवटचं. तिची स्वतःची पत्रं फार थोडी आहेत, बाकीची सगळी बाबांच्याच अक्षरातली. तिची जी आहेत त्यांत शुद्धलेखनाच्या चुका आहेत. छापताना सुधाराव्यात का?

---

खोडरबर

नाही. जसंच्या तसं. वाचताना अडेल तिथे चौकटी कंसात योग्य शब्द द्या आणि सुरुवातीला एका ओळीत ही पद्धत सांगा. न लागलेला शब्द अंदाजाने भरू नका, तिथे [अवाच्य] लिहा. विरामचिन्हंही घालू नका. न थांबता लिहिलेली अर्धं पान लांबीची वाक्यं हीच तिची बोलण्याची लय असू शकते.

---

काचेमागे

आणि बाबांच्या अक्षरातली पत्रं बाजूला ठेवू नका. ती कडेपर्यंत पूर्ण स्कॅन करा, स्कॅनरची आपोआप कापायची सोय बंद करून. समासात, पान आडवं धरून उभ्या ओळीत लिहिलेलं काही आहे का बघा. पत्र नवऱ्याने लिहून झाल्यावर पाकीट बंद करायच्या आधी उरलेल्या जागेत तिच्या दोन ओळी असतात, बारीक अक्षरात, कधी सहीसुद्धा नसते. शाई तीच असते, कारण पेन तेच. अक्षर ओळखायला तिच्या हिशेबाच्या वहीतला "र" आणि "ण" शेजारी धरा. पाकिटाची मागची बाजू आणि घडीच्या आतली पट्टीही बघा. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख लागली तर ती तक्त्यात, चौथ्या रकान्यात "समास, बाबांचं पत्र".